गल्ल्यावरचे प्रतिक्रमण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्यासारखा आहे. दुकानाच्या गल्ल्यावर पैसे घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, या दोघांमध्ये दोन-तीन मिनिटांचा जो व्यवहार घडतो, त्यातील सौजन्य आणि त्यातील कुरबुरी हा तो विषय होय. ज्या व्यासपीठावरून आत्मा, कर्म आणि मोक्ष यांचे विवेचन होते, तेथे सुट्या पैशांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येऊ शकेल. त्याचे उत्तर श्रावक प्रतिक्रमणातच आहे. प्रत्येक व्रतासोबत त्याचे अतिचार म्हटले जातात. ते ओळीने कानांवर पडतात आणि सवयीने पुढे जातात. परंतु क्षणभर थांबून त्यांचा अर्थ पाहिला, तर त्यांतील कित्येक अतिचार अरण्यात किंवा रणांगणावर घडणारे नाहीत. ते पेठेत घडणारे आहेत. खोटे तोलणे, खोटे मापणे, विचार न करता आळ घेणे, आश्रिताकडून शक्तीबाहेर काम करवून घेणे, त्याच्या अन्नपाण्यात खंड पाडणे, या साऱ्यांची नोंद शास्त्रकारांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने करून ठेवलेली आहे. व्यापारी समाजासाठी ती जणू गल्ल्यावर टांगण्याची पाटीच आहे.

नाशिकची पेठ आणि सुट्यांचा प्रश्न

नाशिक नगरीचे या विषयाशी एक विशेष नाते आहे. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचणाऱ्या नोटा या शहरात छापल्या जातात. आणि त्याच शहराच्या मेनरोडवर, रविवार कारंजावर, पंचवटीत सकाळी दहा वाजता पहिले गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करते, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस भवानीच्या वेळी हताश होऊन विचारतो, "सुटे नाहीत का?" नाणी पाडणाऱ्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे आहेत. नोटांच्या गावाला चिल्लर मात्र बाहेरूनच येते.

सुट्यांवरून होणारी कुरबुर आजची नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. हा पाव पैसा कोणी सोसायचा, यावरून जुनी आणि नवी नाणी एकत्र चालत होती तोवर प्रत्येक गल्ल्यावर हिशेबाची ओढाताण चाले. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने आजही वैध आहे, परंतु ते घेणारा दुकानदार शोधावा लागेल. दहा रुपयांच्या नाण्यांबाबत तर अफवांचेच राज्य झाले. नाण्यावर रुपयाचे चिन्ह आहे की नाही, रेषा दहा आहेत की पंधरा, यावरून ते खरे की खोटे ठरविले जाऊ लागले. अखेर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला की, तोवर निघालेले चौदाही प्रकार सारखेच वैध आहेत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत विधिग्राह्य आहेत. म्हणजे नाणे नाकारणारा दुकानदार चुकतो आणि पंधराशे रुपयांच्या साडीसाठी सगळी चिल्लर गल्ल्यावर ओतणारे गिऱ्हाईकही मर्यादा ओलांडते.

या टंचाईतून चॉकलेट देण्याची प्रथा निघाली. एक-दोन रुपये परत द्यावयाचे असले की बरणीत हात जातो. लहान मूल सोबत असेल तर ते आनंदते, आणि मधुमेही आजोबा निमूटपणे ती गोळी खिशात टाकतात. परंतु हीच चार चॉकलेटे गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी चार रुपयांऐवजी पुढे केली, तर तोच दुकानदार ती घेत नाही. जी वस्तू देताना पैसा असते आणि घेताना पैसा राहत नाही, तिला चलन कसे म्हणावे?

श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे नाव अदत्तादान विरमण आहे. अदत्त म्हणजे जे दिले गेलेले नाही ते. गल्ल्यात राहिलेला तो एक रुपया गिऱ्हाइकाने दिलेला नसतो, तो केवळ त्याच्याकडून राहिलेला असतो. "राहू द्या" असे त्याने आपल्या तोंडाने म्हटले, तर तो दत्त होतो. त्याने म्हणण्यापूर्वी दुकानदारानेच ते गृहीत धरले, तर तो अदत्तच राहतो. हा भेद सूक्ष्म आहे, पण व्रत या सूक्ष्मतेतच आहे.

येथे पुणिया श्रावकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कापसाच्या पुण्या करून त्यावर निर्वाह करणारा हा श्रावक कापडाच्या धंद्यातील लोकांना तर विशेष जवळचा वाटावा. प्रचलित कथेनुसार एके दिवशी सामायिकात त्याचे चित्त स्थिर होईना. त्याने पत्नीस विचारले, घरात न दिलेले असे काही आले आहे काय? तिने आठवून सांगितले की, वाटेत पडलेली एक गोवरी तिने उचलून आणली होती. ज्याच्या एका सामायिकाचे मोल राजा श्रेणिकाला चुकविता आले नाही, त्याचे सामायिक एका गोवरीने डळमळले. गोवरीचे मोल एक रुपयाहून अधिक नसावे.

अर्थात, हा न्याय दोन्ही बाजूंना लागू आहे. फाटकी नोट चांगल्या नोटांच्या घडीत सरकवून गर्दीत खपविणारे गिऱ्हाईकही थोडे नाही. अशा नोटा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या शाखेत बदलून मिळू शकतात. तरीही ती खपली म्हणून घरी येऊन सांगण्यात एक प्रकारचा आनंद मानला जातो. सायंकाळी रोजमेळ बसविताना ती नोट ज्याच्या हाती येते, त्याचा चेहरा त्या घराला दिसत नाही.

एका दिवाळीची गोष्ट

दोनशेची नोट ऑगस्ट २०१७ मध्ये चलनात आली. त्यानंतरच्या एका दिवाळीत नाशिकमधील एका कापड दुकानात घडलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. धनत्रयोदशीची सायंकाळ होती. गल्ल्यापुढे दहा-बारा गिऱ्हाइके उभी होती. गल्ल्यावर साठी उलटलेले एक गृहस्थ बसत. सारे त्यांना काका म्हणत. त्या दुकानात त्यांची तीस वर्षे गेली होती.

एका भगिनीचे बिल एक हजार तीनशे चाळीस रुपये झाले. तिने नोटा दिल्या, काकांनी त्या मोजून खणात टाकल्या आणि साठ रुपये परत दिले. भगिनी म्हणाली, "काका, मी पाचशेच्या तीन नोटा दिल्या. एकशे साठ परत यायला हवेत." काका म्हणाले, "ताई, पाचशेच्या दोन आणि दोनशेच्या दोन होत्या. चौदाशे." शब्दाने शब्द वाढला. रांगेतून आवाज आले. अखेर ती भगिनी संतापून म्हणाली, "दिसत नसेल तर यांना गल्ल्यावर बसवता कशाला? की दिवाळीत असंच चालतं तुमच्याकडं?"

शेठ पुढे आले. रांग खोळंबू नये म्हणून त्यांनी शंभराची नोट काढून दिली, हे व्यवहाराला धरून झाले. परंतु सर्वांदेखत ते पुढे बोलले, "काका, हे तुमच्या नावावर लिहितो." काकांनी मान खाली घातली आणि पुढचे बिल हातात घेतले.

रात्री साडेदहाला रोजमेळ झाला. रोकड बरोबर शंभर रुपयांनी कमी भरली. म्हणजे काका बरोबर होते. कोणी काही बोलले नाही. काकांनी खिशातून शंभराची नोट काढून खणात ठेवली आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्ल्यावर बसण्यास नकार दिला. नजर अधू झाली, असे कारण त्यांनी सांगितले आणि ते वरच्या मजल्यावर साड्यांच्या घड्या घालण्याचे काम पाहू लागले.

भाऊबीज झाल्यावर ती भगिनी पुन्हा आली. पर्सच्या आतल्या कप्प्यात तिला पाचशेची नोट सापडली होती आणि दोनशेच्या दोन नोटा नाहीशा झाल्या होत्या. तिने शंभर रुपये शेठजींच्या हाती देण्यास नकार दिला आणि काका कोठे आहेत, हे विचारले. ती जिना चढून वर गेली. "काका, त्या दिवशी माझं चुकलं," एवढेच ती म्हणाली. काकांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आलात, मेळ बसला."

त्या भगिनीने आपली चूक सुधारली. तिच्या धैर्याचे कौतुकच केले पाहिजे, कारण बहुतेक माणसे अशा वेळी दुसऱ्या दुकानात जाऊ लागतात. परंतु शेठजींनी काकांची क्षमा मागितली नाही. पुढच्या संवत्सरीला त्यांच्या फोनवरून शेकडो लोकांना मिच्छामि दुक्कडंचे संदेश गेले. वरच्या मजल्यावर मात्र कोणी गेले नाही.

दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत पहिलाच अतिचार सहसब्भक्खाणे हा आहे. पूर्वापर विचार न करता एकाएकी कोणावर आळ घेणे, असा त्याचा अर्थ आहे. असत्य बोलण्याचा हेतू नसतो. बोलणाऱ्याला ते खरेच वाटत असते. तरीही शास्त्रकारांनी त्याला सत्यव्रताचा दोष मानले, कारण आळ ज्याच्यावर येतो त्याची हानी हेतूवर अवलंबून नसते. गल्ल्यावर बसणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे त्याच्यावरील विश्वास. शंभर रुपये परत करता येतात, पण दहा माणसांसमोर गेलेला विश्वास परत करण्यासाठी ती दहा माणसे पुन्हा जमत नाहीत. म्हणून "तुम्ही कमी दिले" असे म्हणण्याऐवजी "पुन्हा एकदा मोजून पाहू या" असे म्हणणे, हा केवळ शिष्टाचार नाही. तो व्रताचा भाग आहे.

जुने मुनीम नव्या पोरांना एक रीत शिकवीत. नोट हातात येताच रक्कम मोठ्याने उच्चारावी, "चौदाशे आले". परत द्यावयाचे पैसे मोजून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती नोट खणात टाकू नये, गल्ल्यावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी. ही रीत त्या सायंकाळी पाळली गेली असती, तर हा प्रसंग घडलाच नसता. गर्दीत ती सुटली. म्हणून काकांचीही एक लहानशी चूक होती, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

काळ बदलला, कुरबुरी बदलल्या

२०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि पेठेचे रूप पालटले. भाजीच्या गाडीपासून सराफ बाजारापर्यंत चौकटींचा कागद चिकटला आणि सुट्यांचा प्रश्न पुष्कळसा मिटला. परंतु त्या जागी नवा संशय आला. गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्याचे दिसते आणि गल्ल्यावरचा डबा मात्र मुका राहतो. गिऱ्हाईक म्हणते, "माझे पैसे गेले." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे आले नाहीत." दोघेही खरे बोलत असतात. बनावट पावती दाखवून माल नेणारे भामटेही निघाल्याने दुकानदाराची सावधगिरी समजण्यासारखी आहे. अशा वेळी नियम माहीत असला म्हणजे आवाज चढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार, खात्यातून रक्कम वजा झाली पण दुकानदाराकडे पोहोच आली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरविलेली आहे. हे दोन वाक्यांत शांतपणे सांगणारा रोखपाल गिऱ्हाइकाचे अर्धे ओझे उतरवितो.

मोठ्या दुकानांत बिलापूर्वी मोबाइल क्रमांक विचारला जातो. सांगण्याची इच्छा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला "त्याशिवाय बिल निघत नाही" असे ऐकावे लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच असा आग्रह धरू नये, असे कळविले आहे. पिशवीचेही तसेच. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कागदी-कापडी पिशव्यांचे पैसे बिलात येऊ लागले. ते आधी न सांगता अगदी शेवटी आकारणे अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये दिला. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी तर कित्येक दुकानांत देवाच्या तसबिरीशेजारी लावलेली असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायदा येथे जे सांगतो, ते सांगण्यास श्रावकाला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

दुसरीकडे, गिऱ्हाइकाचे वर्तनही तपासले पाहिजे. फोन कानाला लावूनच गल्ल्यापुढे येणे, समोरच्या माणसाकडे न पाहता नोट भिरकावणे, रांग मोडून "एवढंच तर आहे" म्हणत पुढे घुसणे, सहा महिने वापरलेली साडी रंग आवडला नाही म्हणून परत आणणे, हे सारे पेठेला परिचित आहे. गल्ल्यावरच्या मुलीला सबंध दिवसात शेकडो माणसे भेटतात. त्यांतील जे "ताई, घाई नाही, सावकाश करा" असे म्हणतात, ते तिच्या लक्षात राहतात.

गल्ल्यामागील माणूस

आता सर्वांत अवघड मुद्दा. पहिले व्रत अहिंसेचे. त्याच्या पाच अतिचारांत अइभारे आणि भत्तपाणवोच्छेए हे दोन आहेत. अतिभार म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे आणि भक्तपानविच्छेद म्हणजे आश्रिताच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे. सामान्यतः हे अतिचार बैल, घोडा यांच्या संदर्भात सांगितले जातात. पांजरापोळास देणगी देणारा समाज ते प्राण्यांच्या बाबतीत कसोशीने पाळतो. परंतु आश्रितांत नोकरही येतात.

पूर्वी कापड दुकानात पांढऱ्या चादरीची बैठक असे. शेठ, मुनीम, नोकर आणि गिऱ्हाईक सारे त्याच बैठकीवर बसत. आता काच आणि काउंटर आले, आणि नोकर उभा राहिला. उभे राहणे किती कष्टाचे आहे, हे सांगण्यासाठी केरळमध्ये २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क देणारी कायदेशीर तरतूद करावी लागली. ज्या गोष्टीसाठी कायदा झाला, ती एक स्टूल ठेवण्याची आहे.

दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत गल्ल्यावरचा माणूस दुपारचा डबा चार वाजता उघडतो, आणि तोही अर्धा टाकून उठतो. मालक स्वतः चौविहार पाळणारे असतात. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे म्हणून ते वेळेवर घरी जातात, ही अत्यंत स्तुत्य गोष्ट आहे. परंतु त्याच वेळी गल्ल्यावरचा माणूस चहाचा घोट न घेता रात्री नऊपर्यंत उभा असेल, तर मालकाच्या त्या चौविहाराखाली दुसऱ्याचा भक्तपानविच्छेद दडलेला आहे. तो नोकर श्रावक असेल तर त्याचा नियम मोडतो आणि रमजानचा रोजा करणारा असेल तर त्याची इफ्तारची वेळ टळते. सूर्यास्ताला पंधरा मिनिटे दुसरा माणूस गल्ल्यावर बसविणे, याला मोठा खर्च लागत नाही. मालकाने स्वतः बसले तर मुळीच लागत नाही.

त्रासलेल्या माणसाकडून गोड शब्दाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. गल्ल्यावर जो कडवट शब्द गिऱ्हाइकाला ऐकू येतो, त्याचे मूळ पुष्कळदा त्या माणसाच्या स्वभावात नसून त्याच्या रिकाम्या पोटात असते.

उपसंहार

दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण लिहिले जाते. त्याच दिवशी काही साधे संकल्प करता येतील. आदल्या सायंकाळी दुसऱ्या दिवसाचे सुटे मोजून ठेवावेत. रुपयाच्या बदल्यात चॉकलेट विचारल्याविना देऊ नये. आलेली रक्कम उच्चारावी आणि नोट दिसेल अशी ठेवावी. वाद झाला तर गिऱ्हाइकाला बसवावे, नाव-पत्ता लिहून घ्यावा, आणि रोजमेळ होईपर्यंत कोणाही बाजूने आळ घेऊ नये. गल्ल्याशी एक स्टूल आणि पाण्याचा तांब्या असावा. नोकराच्या चुकीचा शब्द एकांतात बोलावा, आणि त्याच्या खरेपणाचा शब्द सर्वांदेखत बोलावा.

आणि संवत्सरीच्या दिवशी फोन हाती घेण्यापूर्वी मालकाने दुकानात एक फेरी मारावी. गल्ल्यापासून आरंभ करून, जिना चढून, वरच्या मजल्यापर्यंत जावे. वर्षभरात ज्याला सर्वांसमोर बोलले, त्याच्यापुढे हात जोडावेत. खतावणीत ज्याचे खाते असते, त्याचेच येणे-देणे मिटविता येते. क्षमेचेही तसेच आहे.

या व्याख्यानात कोणाचे मन दुखावले असेल, तर त्रिविध मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!